आज्ञावलीची झाडलोट : काय पुसावे, काय राखावे

झाशी शहरातील एका लहानशा मराठी वाचनालयात पुस्तकांची देवघेव नोंदविण्यासाठी काही वर्षांपूर्वी एक संगणक-आज्ञावली तयार करण्यात आली. वाचनालय लहान, सभासद थोडे, आणि आज्ञावली लिहिणारा तरुण त्या सभासदांपैकीच एक. पडद्यावर दिसणाऱ्या इंग्रजी सूचना मराठीत आणण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे आले. शास्त्रीय पुस्तकांचे भाषांतर हा त्याचा व्यवसाय. संगणकाशी त्याचा परिचय मजकूर टंकलिखित करण्यापुरताच होता. या कामात एक नुकसान झाले आणि दुसरे, त्याहून पुष्कळ मोठे, थोडक्यात टळले. दोन्हींचे कारण एकच होते : झाडलोटीची आज्ञा. आज्ञावली बांधून झाल्यावर तिच्या भोवती जो पसारा उरतो, तो आवरण्यासाठी ही आज्ञा असते. तिने कोणत्या फायली पुसाव्यात व कोणत्या पुसू नयेत, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक भासतो. तो तसा नाही, हे या पुस्तिकेत पाहावयाचे आहे.

‘झाडलोट’ हा शब्द येथे मुद्दाम योजिला आहे. इंग्रजीत या आज्ञेस ‘क्लीन’ म्हणतात. ‘सफाई’ हा प्रतिशब्द सहज सुचतो. परंतु ‘हातसफाई’ आणि ‘हात साफ करणे’ यांचे मराठीतील अर्थ वाचक जाणतातच, आणि पुढील हकीगत वाचल्यावर तो अर्थ येथे अगदीच गैरलागू नव्हता, असेही कोणास वाटेल. झाडलोट करणारा केर काढतो, घरातील वस्तू काढीत नाही. मात्र केर कोणता आणि वस्तू कोणती, हे त्यास आधी ठाऊक असावे लागते.

बांधणी म्हणजे काय

आज्ञावली लिहिणारा मनुष्य ‘सी’ यासारख्या एखाद्या संगणकभाषेत मजकूर लिहितो. हा मजकूर ज्या फायलींत असतो त्यांस आपण मूळ फायली म्हणू. कंपायलर नावाची दुसरी एक आज्ञावली तो मजकूर वाचते व त्याचे यंत्राच्या संकेतांत रूपांतर करते. प्रत्येक मूळ फायलीपासून एकेक मधली फाईल तयार होते. तिच्या नावाच्या शेवटी ‘ओ’ हे अक्षर असते. अशा सर्व मधल्या फायली एकत्र जोडल्या म्हणजे चालविता येईल अशी आज्ञावली सिद्ध होते. या सगळ्या क्रियेस बांधणी असे नाव आहे.

आमच्या वाचनालयाच्या आज्ञावलीचा संच लहान होता. माणसाने लिहिलेल्या फायली चार : ‘सूची.सी’ व ‘देवघेव.सी’ या दोन मूळ फायली, ‘संदेश.टेक्स्ट’, जिच्यात इंग्रजी सूचना आणि त्यांपुढे त्यांचे मराठी रूप अशी साधी यादी होती; आणि ‘मेकफाईल’, जिच्यात बांधणीचे नियम लिहिलेले होते. यंत्राने निर्माण केलेल्या फायलीही चारच : ‘संदेश.टेक्स्ट’ या यादीवरून तयार होणारी ‘संदेश.एच’, कारण कंपायलरला यादी साध्या रूपात वाचता येत नाही, ‘सूची.ओ’ आणि ‘देवघेव.ओ’ या मधल्या फायली. व शेवटी ‘वाचनालय’ नावाची सिद्ध आज्ञावली. याखेरीज त्याच कप्प्यात आणखी एक फाईल होती, ‘नोंदवही.डॅट’. कोणत्या सभासदाकडे कोणते पुस्तक आहे याची नोंद आज्ञावली तिच्यात करीत असे. ही नववी फाईल वाचकांनी ध्यानात ठेवावी.

मेकफाईलमधील नियम वाचून बांधणी करविणारी ‘मेक’ ही आज्ञावली स्टुअर्ट फेल्डमन यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७६ साली लिहिली. तिच्या जन्माची कथा मनोरंजक आहे. फेल्डमन यांचे सहकारी स्टीव्ह जॉनसन एके दिवशी त्रासून त्यांच्या खोलीत आले. त्यांची सबंध सकाळ एका आज्ञावलीतील चूक शोधण्यात वाया गेली होती. चूक वास्तविक आधीच दुरुस्त झालेली होती. परंतु दुरुस्त केलेली फाईल पुन्हा कंपायलरकडे द्यावयाची राहून गेली, आणि जुनीच मधली फाईल वापरली जात होती. असे विस्मरण यंत्राने टाळावे या हेतूने मेक जन्मास आली. या कामाबद्दल फेल्डमन यांना संगणकशास्त्रज्ञांच्या ‘ए.सी.एम.’ या संस्थेचे २००३ सालचे पारितोषिक मिळाले.

मेकची युक्ती अत्यंत सोपी आहे. प्रत्येक फायलीत शेवटचा फेरफार केव्हा झाला याची वेळ संगणक नोंदवून ठेवतो. ‘सूची.सी’ ही ‘सूची.ओ’ पेक्षा नवी असेल तर ‘सूची.ओ’ शिळी झाली असे मानून मेक ती पुन्हा तयार करविते. नसेल तर तिला हात लावीत नाही. फायलीत काय लिहिले आहे, ते ती पाहत नाही. केवळ वेळ पाहते.

एवढी सोय असता झाडलोटीची गरज का पडावी? कारण वेळेवरून सर्वच गोष्टी कळत नाहीत. कंपायलर बदलला, किंवा त्यास द्यावयाच्या सूचना बदलल्या, तर मूळ फायलींच्या वेळा होत्या तशाच राहतात, आणि मेकला बदलाचा पत्ता लागत नाही. दोन यंत्रांची घड्याळे जुळत नसली तरी हाच घोटाळा होतो. कधी एखादी मूळ फाईल रद्द केली जाते, पण तिची मधली फाईल मागे उरते व जोडणीत नकळत शिरते. अशा वेळी पाटी कोरी करून पहिल्यापासून बांधणी करणे हाच खात्रीचा मार्ग असतो. जागा वाचविणे हे झाडलोटीचे दुय्यम कारण होय. जुन्या काळी, डिस्का लहान असताना, ते प्रथम कारण होते.

पहिला प्रसंग

आता प्रस्तुत लेखकाच्या चुकीकडे वळू. सूचनांचे प्रथम भाषांतर त्याने केवळ शब्दांच्या यादीवरून केले होते. ते शब्द पडद्यावर कोठे येणार हे त्यास दिसत नव्हते. परिणाम व्हावयाचा तोच झाला. पुस्तक देण्याच्या ‘इश्यू’ या कळीवर ‘अंक’ असे छापून आले. ‘व्हॉल्यूम’ म्हणजे ग्रंथाचा खंड, तेथे ‘आवाज’ आला. आणि पुस्तक परत करण्याच्या जागी वाचकास ‘परत या’ असे निमंत्रण मिळू लागले. प्रत्यक्ष आज्ञावली पाहून त्याने चाळीसहून अधिक दुरुस्त्या केल्या. कप्प्यात शोधता त्यास ‘संदेश.एच’ ही फाईल दिसली. तिच्यात मराठी वाक्ये स्पष्ट वाचता येत होती. म्हणून सर्व दुरुस्त्या तेथेच केल्या. आज्ञावली पुन्हा बांधली, सर्व काही ठाकठीक दिसले, आणि अनेक आठवडे तसेच चालले.

ते तसे का चालले, हे पाहण्यासारखे आहे. ‘संदेश.एच’ हाताने दुरुस्त केल्यामुळे ती ‘संदेश.टेक्स्ट’ पेक्षा नवी ठरली. मेक केवळ वेळ पाहते. तिच्या दृष्टीने ही फाईल ताजी होती, तेव्हा ती पुन्हा निर्माण करण्याचे कारण नव्हते. म्हणजे जी यंत्रणा चूक ताबडतोब उघडकीस आणू शकली असती, तिनेच ती झाकून ठेवली. पुढे त्या तरुणाने कंपायलरची नवी आवृत्ती घेतली आणि रीतीप्रमाणे ‘मेक क्लीन’ ही आज्ञा दिली. ‘संदेश.एच’ ही यंत्रनिर्मित फाईल. ती पुसली गेली, जुन्या यादीवरून पुन्हा तयार झाली, आणि वाचनालयात पुन्हा ‘परत या’ सुरू झाले. पुसण्याची आज्ञा फायली कोणत्याही टोपलीत ठेवीत नाही. ज्या गेल्या त्या गेल्याच. दुरुस्त्या आठवणीने पुन्हा करण्यात तीन संध्याकाळी गेल्या. एका सूचनेसाठी पूर्वी फार नेमका शब्द सापडला होता. तो मात्र आजतागायत आठवलेला नाही.

येथे दोष कोणाचा? झाडलोटीच्या नियमाचा नव्हे. ‘संदेश.एच’ ही ‘संदेश.टेक्स्ट’ वरून केव्हाही निर्माण करता येते, तेव्हा तिला पुसणे योग्यच होते. दोष असा की, हाताने केलेले काम अशा ठिकाणी ठेवले गेले, जेथे ते असेल अशी यंत्रणेची कल्पनाच नव्हती. आणि थोडा दोष त्या फायलीचाही. यंत्राने निर्माण केलेल्या फायलीच्या पहिल्याच ओळीत ‘ही फाईल अमुक फायलीवरून तयार झाली आहे, येथे फेरफार करू नये’ असे लिहिण्याची चांगली प्रथा आहे. आमच्या फायलीत ती ओळ नव्हती.

यावरून झाडलोटीचा पाया दिसून येतो. एखादी फाईल निरुपयोगी दिसते की उपयोगी, हा प्रश्न येथे गौण आहे. ‘वाचनालय’ ही सिद्ध आज्ञावली सर्वांत उपयोगी, तरीही ती पुसली जाते. आणि वर्षभर कोणी न उघडलेली मूळ फाईल राखली जाते. पाहावयाचे ते इतकेच : ही पुसली तर पुन्हा कशावरून करता येईल, कोणाला करता येईल, आणि ते साधन त्या वेळी हाताशी असेल काय?

झाशीचा एक दाखला

झाशीत बसून हा विषय लिहीत असता वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. कोकणातून १८५७ साली ते उत्तरेकडे निघाले आणि १८५८ च्या मार्च-एप्रिलमध्ये सर ह्यू रोज यांच्या सैन्याने झाशीस वेढा घातला तेव्हा ते शहरातच होते. शहर पडल्यानंतरच्या लुटीचे व तेथील ग्रंथसंग्रहाच्या नाशाचे त्यांनी वर्णन केले आहे. त्या संग्रहातील ज्या पोथ्यांची नक्कल अन्यत्र कोणी करून ठेविली असेल, त्यांचाच मजकूर उरला असणार. छापखान्यापूर्वीच्या पोथीची स्थिती ही अशी : तीच मूळ, आणि तीच अखेरची प्रत.

परंतु आपल्या विषयास अधिक जवळचा दाखला गोडसे यांच्या स्वतःच्या लेखनाचा आहे. त्यांचे हस्तलिखित चिंतामण विनायक वैद्य यांच्याकडे आले. वैद्य यांनी त्याची भाषा बदलून व मजकुरात पुष्कळ फेरफार करून १९०७ साली ‘माझा प्रवास’ प्रसिद्ध केले. सुमारे साठ वर्षे मराठी वाचकांना गोडसे भटजी परिचित होते ते या छापील रूपाने. पुढे महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली मूळ हस्तलिखितावरून नवी आवृत्ती सिद्ध केली, आणि भटजींची स्वतःची भाषा वाचकांसमोर आली. पुस्तक छापून झाले, आता या जुन्या बाडाचे काय काम, असे म्हणून ते कोणी टाकून दिले असते तर? छापील पुस्तकावरून हस्तलिखित पुन्हा निर्माण करता येत नाही. वाट एकाच दिशेने जाते.

एवढ्यावर थांबलो तर हा दाखला फारच सोपा होईल. हस्तलिखित राखले म्हणून १९०७ ची प्रत आता टाकून द्यावी काय? नाही. ती हस्तलिखितावरून झाली हे खरे; परंतु मध्ये यंत्र नव्हते, वैद्य होते. त्यांनी कोठे काय गाळले, कोठे कोणता शब्द घातला, हे हस्तलिखितात लिहिलेले नाही. म्हणून ती प्रतही पुन्हा निर्माण करता येणार नाही. ज्या रूपांतरात माणसाचा हात लागला, ते रूपांतरही मूळच ठरते. हाताने दुरुस्त केलेल्या आमच्या ‘संदेश.एच’ ची गत नेमकी हीच होती. अर्थात् वैद्यांच्या विद्वत्तेशी आमच्या चुकीची तुलना करण्याचा हेतू नाही.

ज्याने केले त्याने पुसावे

आमच्या संचात माणूस आणि यंत्र असे दोनच कर्ते होते. मोठ्या आज्ञावल्यांत कर्ते अधिक असतात, आणि तेथे झाडलोटीचेही टप्पे पडतात. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली घोषित केलेल्या ‘ग्नू’ प्रकल्पाच्या नियमावलीत हे टप्पे फार विचारपूर्वक ठरविलेले आहेत.

समजा, एक आज्ञावली तिच्या कर्त्याने सर्वांसाठी खुली केली आणि आपण तिचा गठ्ठा आपल्या संगणकावर उतरवून घेतला. प्रथम आपण ‘कॉन्फिगर’ ही फाईल चालवितो. ती आपले यंत्र तपासते व त्यास जुळेल अशी मेकफाईल लिहून देते. नंतर आपण मेकच्या द्वारे बांधणी करतो. आता ‘क्लीन’ ही आज्ञा दिली असता बांधणीत निर्माण झालेल्या फायली पुसाव्यात, परंतु कॉन्फिगरने लिहिलेली मेकफाईल राखावी; यंत्राची तपासणी पुन्हा करावयास लावण्याचे कारण नाही. ‘डिस्टक्लीन’ ही आज्ञा दिली तर मेकफाईलही पुसावी, आणि गठ्ठा उघडला त्या क्षणी जे होते तेवढेच शिल्लक ठेवावे. ‘मोस्टलीक्लीन’ ही उलट सौम्य आज्ञा : जे पुन्हा करण्यास फार वेळ लागतो व क्वचितच पुन्हा करावे लागते, ते ती सोडून देते. ग्नूच्या कंपायलरमध्ये असे एक आधारभूत संकलन आहे. ते या आज्ञेने पुसले जात नाही.

चौथी आज्ञा ‘मेन्टेनर-क्लीन’. ही फक्त आज्ञावलीची निगा राखणाऱ्यासाठी आहे आणि ती चालविताच तसा इशारा पडद्यावर यावा, असा नियमच आहे. कारण ती गठ्ठ्याबरोबर आलेल्या काही फायलीही पुसते. येथे भाषांतरकारांच्या कामाचे उदाहरण देतो. ग्नूच्या पद्धतीत मराठी सूचनांची एक फाईल असते, तिचे नाव ‘एमआर.पीओ’, ‘एमआर’ हा मराठीचा संकेत. ती भाषांतरकार हाताने लिहितो. तिच्यावरून यंत्रास वाचता येईल अशी ‘एमआर.जीएमओ’ ही फाईल तयार होते. दुसरी फाईल यंत्रनिर्मित खरी. परंतु ती करणारे साधन सर्वांकडे असते असे नाही, म्हणून कर्ता ती करूनच गठ्ठ्यात घालतो. झाशीतील एखाद्या शाळेने साध्या ‘क्लीन’ ने ती गमावली, आणि ते साधन तिच्याकडे नसले, तर फाईल पुन्हा करता येणे शक्य असूनही त्या शाळेस ती करता येणार नाही. यास्तव ‘क्लीन’ व ‘डिस्टक्लीन’ तिला स्पर्श करीत नाहीत. ‘मेन्टेनर-क्लीन’ तेवढी करते. आणि ‘एमआर.पीओ’ या हाताने लिहिलेल्या फायलीस तर चौघींपैकी कोणीच शिवत नाही.

हे सर्व टप्पे एका सूत्रात येतात : ज्याने जी फाईल निर्माण केली, त्याच्या झाडलोटीने ती पुसावी. मेकने केली तर ‘क्लीन’, कॉन्फिगरने केली तर ‘डिस्टक्लीन’, निगा राखणाऱ्याने आपल्या साधनांनी केली तर ‘मेन्टेनर-क्लीन’. माणसाने केली तर कोणीच नाही.

या सूत्रासही एक अपवाद आहे, आणि तो मराठी घरात समजावून सांगणे सोपे आहे. दूध मूळ आणि दही उत्पन्न. तरीही घरातले सगळे दही संपवून चालत नाही. विरजणापुरते चमचाभर राखावे लागते, नाहीतर दूध भरपूर असून दही लागत नाही. कॉन्फिगर ही फाईलसुद्धा निगा राखणाऱ्याच्या साधनांनी निर्माण केलेली असते, आणि मेकच्या नियमाने ती पुन्हा करताही येते. परंतु मेकफाईल लिहून देते ती कॉन्फिगरच. ती पुसली तर तिला पुन्हा करणारा नियम जेथे लिहिला आहे ती मेकफाईल आणावयाची कोठून? म्हणून बांधणी सुरू करण्यासच जे आवश्यक, ते ‘मेन्टेनर-क्लीन’ नेही पुसू नये, असे ग्नूची नियमावली बजावते. कंपायलरची स्थिती याहून विलक्षण. ग्नूचा कंपायलर स्वतः कंपायलरनेच बांधला जातो. त्याचा सर्व मूळ मजकूर हाती असला तरी जगात एकही चालता कंपायलर उरला नाही, तर तो मजकूर नुसता वाचीत बसावा लागेल.

दुसरा प्रसंग

दुरुस्त्या गमावल्यानंतर लेखकाच्या मनात झाडलोटीविषयी धास्ती बसली. पुढल्या वेळी तो तरुण ‘मेक क्लीन’ देऊ लागला तेव्हा, ही आज्ञा नेमके काय करणार आहे, असे लेखकाने विचारले. त्यावर त्याने ‘मेक’ आणि ‘क्लीन’ यांच्या मध्ये ‘एन’ ही खूण घातली. या खुणेने मेक काहीही करीत नाही. काय केले असते, ते केवळ लिहून दाखविते. पडद्यावर एक ओळ उमटली. ‘ओ’ ने संपणाऱ्या सर्व फायली पुसा, ‘संदेश.एच’ पुसा, ‘वाचनालय’ पुसा, आणि ‘डॅट’ ने संपणाऱ्या सर्व फायली पुसा.

आज्ञावलीची चाचणी घेताना खोट्या नोंदींच्या काही ‘डॅट’ फायली तयार होत. त्या जाव्यात म्हणून आदल्याच आठवड्यात तो शेवटचा तुकडा नियमात घातलेला होता. परंतु खरी ‘नोंदवही.डॅट’ त्याच कप्प्यात होती. दोन वर्षांची देवघेव तिच्यात नोंदलेली होती. कागदी वही आज्ञावली सुरू झाली तेव्हाच बंद झाली होती. तरुणाने कळफलकावरून हात बाजूस घेतले.

ही नववी फाईल कोणत्या वर्गातली? ती माणसाने लिहिली नाही, आज्ञावलीने लिहिली. तेव्हा वरवर पाहता ती यंत्रनिर्मित होय. पण आज्ञावलीने लिहिले ते कशावरून? समोर उभ्या असलेल्या सभासदाने सांगितले त्यावरून. ते सांगणे हेच तिचे मूळ होते, आणि ते हवेत विरून गेले. अशा फायलीच सर्वांत फसव्या असतात. लेखणी यंत्राच्या हाती होती एवढ्यावरून ती फाईल यंत्राची होत नाही. छायाचित्र कॅमेरा काढतो, म्हणून हरवलेले छायाचित्र कॅमेरा पुन्हा काढू शकत नाही, तसेच हे.

चूक झाली ती तारांकित खुणेमुळे. ‘अमुकने संपणाऱ्या सर्व’ असे सांगणारी ही खूण लिहिणाऱ्याचे श्रम वाचविते. परंतु नियम लिहिते वेळी ज्या फायली डोळ्यांपुढे असतात त्यांवरच ती थांबत नाही, पुढे येणाऱ्यांवरही चालते. ‘ओ’ फायलींच्या बाबतीत हे बहुधा चालते, कारण ते नाव दुसऱ्या कशास कोणी देत नाही. ‘डॅट’ हे नाव मात्र वाटेल त्या माहितीस देतात.

नियम लिहिताना हात चुकल्याने याहून मोठे अनर्थ घडले आहेत. ‘बंबलबी’ नावाच्या आज्ञावलीच्या स्थापनविधीत २०११ साली एका पत्त्याच्या मध्ये चुकून एक मोकळी जागा राहिली. एका पत्त्याचे दोन झाले, आणि त्यांपैकी पहिला म्हणजे ज्यात संगणकाच्या बहुतेक आज्ञावल्या असतात तो ‘यूएसआर’ हा सबंध कप्पा. तो पुसला जाऊ लागला. ‘स्टीम’ या खेळांच्या आज्ञावलीत २०१५ साली निराळाच प्रकार उघडकीस आला. तिच्या लिनक्सवरील विधीत ‘अमुक कप्प्यातील सर्व पुसा’ अशी ओळ होती. कप्प्याचे नाव विधीने आयत्या वेळी शोधावयाचे होते. एका वापरकर्त्याकडे ते सापडले नाही, तेथे कोरी जागा राहिली, आणि ‘सर्व पुसा’ एवढेच उरले. त्यात जोडलेल्या दुसऱ्या डिस्केवरील राखीव प्रतीही गेल्या. नाव कोरे असेल तर पुढे पाऊल टाकू नये, अशी सोय त्या आज्ञाभाषेत आहे; ती तेथे वापरली नव्हती.

मूळ फायलींच्या आवृत्त्या सांभाळणारी ‘गिट’ ही व्यवस्था लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ साली निर्माण केली. तिचीही एक झाडलोट आहे, परंतु तिची कसोटी उलट आहे. मेकच्या नियमात पुसावयाच्या फायलींची नावे असतात. गिट मात्र आपल्या नोंदीत ज्यांचे नाव नाही त्या सर्वांस केर समजते. ही पद्धत कसून झाडते खरी. पण आज सकाळी लिहिलेली, अद्याप नोंद न केलेली फाईल तिच्या लेखी केरच असते. म्हणूनच स्पष्ट जबरदस्तीची खूण दिल्यावाचून किंवा एकेक विचारून घेण्यास सांगितल्यावाचून ही आज्ञा सहसा चालत नाही, आणि येथेही ‘एन’ ही खूण दिल्यास ती केवळ यादी दाखविते. शाळेतील विद्यार्थ्यांनी या दोन्ही व्यवस्थांत आधी यादी पाहण्याची सवय अवश्य लावून घ्यावी. त्यास चार क्षणही लागत नाहीत.

जाता जाता एक गंमत. कप्प्यात ‘क्लीन’ याच नावाची एखादी फाईल कोणी निर्माण केली, तर ‘मेक क्लीन’ ही आज्ञा ‘क्लीन ताजी आहे’ असे सांगून स्वस्थ बसते. फाईल ताजी की शिळी एवढेच मेक जाणते. ‘क्लीन’ हे फायलीचे नाव नसून कामाचे आहे, हे तिला मेकफाईलमध्ये निराळे सांगावे लागते. एका विद्यार्थ्याने आपल्या टिपणांस हे नाव दिले होते आणि झाडलोट का होत नाही म्हणून तो दोन दिवस शोध करीत होता.

अलीकडे पुष्कळजण मुळातच निराळी मांडणी करतात. यंत्राने जे जे निर्माण करावयाचे ते सर्व एका वेगळ्या कप्प्यात ठेवावयाचे, आणि मूळ फायलींच्या कप्प्यात यंत्रास काही लिहू द्यावयाचे नाही. मग झाडलोट म्हणजे तो एक कप्पा काढून टाकणे. ‘रस्ट’ या भाषेत व जावासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘मेव्हन’ मध्ये ‘टार्गेट’ नावाचा असा कप्पा असतो. सोवळ्यातले आणि ओवळ्यातले वेगळे ठेवण्याची ही रीत आमच्या वाचनालयासही पुढे पटली.

तेथे सध्या झाडलोटीच्या नियमात चार फायलींची नावे एकेक करून लिहिलेली आहेत, आणि चाचणीच्या फायली ज्यात तयार होतात त्या स्वतंत्र कप्प्याचे नाव आहे. तारांकित खूण कोठेही नाही. ‘संदेश.एच’ च्या पहिल्या ओळीत येथे फेरफार न करण्याची सूचना मराठीतच आहे. नोंदवही बांधणीच्या कप्प्यातून हलवून वेगळ्या ठिकाणी ठेविली आहे, आणि दर शनिवारी वाचनालय बंद करताना ग्रंथपाल तिची एक प्रत निराळ्या डिस्केवर घेऊन ती कपाटात, सदस्यांच्या जुन्या कागदी वहीशेजारी ठेवतात.